रक्ताला गार पाणी

डाग रात्रभरात वाळून तपकिरी झाला होता, आणि दादा चार वाजता येणार होता. छोटी पहिल्या बसनं येऊन दारात उभी राहिली तेव्हा दहा वाजले होते. चप्पल काढता काढताच तिची नजर गालिच्यावर गेली. फिकट बदामी लोकरीवर निळ्या वेली चढत गेलेला तो गालिचा, आणि त्याच्या मधोमध, बाबांच्या बुटक्या स्टुलाला चिकटून, तळहाताएवढा एक डाग. त्याच्यापासून दारापर्यंत गेलेले चारपाच थेंब.

आई खुर्चीत बसली होती, अगदी पाहुण्यासारखी ताठ. तीन टाके केसांत होते. विंचरण्याची तऱ्हा बदलून तिनं ते असे झाकले होते की सांगितल्याशिवाय कळू नये.

"डोकं बघू," छोटी म्हणाली.

"डोक्याला काय धाड भरलीये? आधी ते बघ," आई म्हणाली आणि हनुवटीनं गालिचा दाखवला.

छोटी म्हणजे काही लहान नव्हे. अठ्ठेचाळिशीची, दोन मुलांची आई, गुडघे कुरकुरणारी बाई. पण या घरात ती शेवटची जन्मली म्हणून छोटीच राहिली.

काल संध्याकाळी काय झालं ते आईनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, निम्मं समोरच्या शिवणवाल्या बाईंनी. अंधारून आलं म्हणून आई दिव्याचं बटण दाबायला उठली आणि स्टुलाला अडखळून पडली. कपाट लागलं. आवाज ऐकून शिवणवाल्या बाई गळ्यातल्या टेपसकट धावत आल्या, रिक्षा करून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं. चक्कर नाही, दाब ठीक, जखम बोटाच्या पेराएवढी. डोक्याची जखम मेली अशीच, असते एवढीशी आणि वाहते घागरीनं, असं म्हणून त्यांनी घरी पाठवलं. रात्री शिवणवाल्या बाई सोबतीला झोपल्या. घाबरलं कोणीच नव्हतं. आईला भीती होती ती दादाची; तो सहजच भेटायला येणार होता आणि पडल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं.

दादा वाईट नव्हता. उलट फारच चांगला होता, आणि तीच पंचाईत होती. दोन महिन्यांपूर्वी आईच्या हातून दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं, तेव्हा तो तीन तास गाडी चालवत आला होता. जाताना दारात उभं राहून त्यानं शांतपणे सांगितलं होतं की आता एकदा जरी काही झालं तर तो विचारायला येणार नाही, न्यायला येईल. त्याचं घर नवव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात आणि माणसं लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे बघतात, असं आई तिथून आल्यावर म्हणाली होती. शिवाय दादा विमा कंपनीचा सर्व्हेअर. आग लागलेली गोदामं, पाणी शिरलेली दुकानं बघून नुकसान कशानं झालं ते शोधायचं, हाच त्याचा रोजचा धंदा. त्याच्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

"चारला येतो म्हणाला ना? म्हणजे साडेतीनला येईल," आई म्हणाली. "तो लवकरच जन्मला होता, तेव्हापासून घाईतच आहे."

छोटीनं बाह्या वर केल्या. मागच्या खोलीत जाऊन तिनं बाबांची पेटी उघडली, आणि सहा वर्षांपूर्वी गेलेला माणूस वासानं घरात परत आला. ओली लोकर, मीठ, साबणाचा चुरा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी बिडीचा एक चुकार धागा. पेटीत पांढरे टॉवेल होते, धुऊन धुऊन मऊ झालेले. दाताच्या ब्रशाहून जरा मोठा मऊ ब्रश होता. बोथट कडेचा पितळी चमचा होता, ज्याची दांडी बाबांच्या अंगठ्यानं झिजून बाकदार झाली होती.

बाबा गालिचे धुवायचे. मागच्या अंगणात सिमेंटचा उतरता ओटा होता, त्यावर गालिचे उलगडायचे आणि पाणी उताराला लागलं की बाबांच्या गळ्याला पाझर फुटायचा. प्रत्येक डागाचं त्यांनी एक गाणं केलं होतं. गाणं कसलं, चार ओळींची लकेर. हातांची गती चुकू नये म्हणून. शाळेतून आलेली छोटी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसे आणि तिला ती सगळी येत. शाईचं होतं:

शाई म्हणे मला
दूध थोडं द्यावं
मग मीही जावं
आल्या वाटे

आणि चहाचं होतं, ते तिचं फार आवडतं:

चहा रुसलेला
ऊन पाणी न्हाला
हसत निघाला
घरी त्याच्या

शाळेत कविता म्हणायला सांगितली तर छोटी हेच म्हणायची, आणि बाईंनी विचारलं कवी कोण, तर सांगायची, आमचे बाबा, ओट्यावर बसतात.

आता ती गालिच्यावर गुडघे टेकून बसली. मनातल्या मनात तिनं रक्ताचं गाणं शोधलं. ते यायला वेळ लागला, कारण बाबा ते फक्त अंगणात म्हणत. घरात, आईच्या देखत, ते कधी म्हणाल्याचं तिला आठवेना.

रक्ताचा हा डाग
मागे गार पाणी
ऊन त्याच्या कानी
पडू नये

आधी तिनं कोपऱ्यातल्या एका निळ्या पानावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहिलं, रंग सुटतो का. सुटला नाही. मग चमच्याच्या कडेनं वाळलेली खपली हलकेच खरवडली, टॉवेलानं टिपली. गार पाण्यात मीठ विरघळवलं. फडकं पिळून घेतलं, आणि डागाच्या कडेपासून मध्याकडे, कडेपासून मध्याकडे, दाबत आणि उचलत निघाली. घासायचं नाही. घासणाऱ्याच्या हाताला बाबा चमच्यानं टोला द्यायचे. फडक्यावर गुलाबी उमटलं की घडी बदलायची, पुन्हा स्वच्छ बाजू. छोटीला वाटलं, आपण विसरलोच होतो की हातांनाही आठवण असते.

मधेच शिवणवाल्या बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या की एवढा खटाटोप कशाला, सुई टोचून कापडावर रक्त सांडलं तर त्या सरळ थुंकी लावतात. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी हवी मात्र, दुसऱ्याची चालत नाही. आईनं डागाकडे एकदा पाहिलं, मग स्वतःशी हिशेब केला.

"एवढ्याला पुरण्याइतकी थुंकी माझ्याकडे नाही हो. शेजारणींवर खर्च झाली सगळी."

तिघी हसल्या. आई हसता हसता टाक्यांना हात लावून थांबली, ते छोटीनं पाहिलं. आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की दादा म्हणतो ते खरंच चुकीचं आहे का? आपण इथे डाग काढतोय की आईला एकटीला पुन्हा त्याच स्टुलाच्या स्वाधीन करून जातोय? हात मात्र थांबले नाहीत.

दीडच्या सुमाराला डाग फिका पडून सावलीएवढा उरला. पण रक्त स्टुलाखालीही गेलं होतं. छोटीनं स्टुलाला हात घातला.

"ते हलवू नकोस," आई म्हणाली.

"अगं, खाली ओघळ गेलाय."

"जाऊ दे. तिथे कोणाला दिसतंय?"

"बाबांच्या घरात कोणाला दिसतंय म्हणून डाग ठेवायचा?"

हे स्टूल कायम इथेच होतं. खोलीच्या मधोमध, नेमकं वाटेत. ठेंगणं, जाड लाकडाचं, उचलायला दोन हात लागतील असं. संध्याकाळी खुर्चीत बसून बाबा त्यावर पाय ठेवत. या खोलीत गिऱ्हाईकं येत, आणि हा गालिचा म्हणजे बाबांच्या दुकानाची पाटी होती. गालिच्यावर हात फिरवूनच लोक आपला गालिचा सोपवायचे. घरातला प्रत्येक जण त्या स्टुलाला वळसा घालून चालायला लहानपणीच शिकला होता, जसं चालायला शिकतात तसंच.

छोटीनं स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं.

खाली दुसरा डाग होता.

जुना, ताटलीएवढा, कडेला गडद कडं असलेला. तिनं बोटं फिरवली. आजूबाजूची लोकर मऊ होती, ही मात्र आवळून, गोळा होऊन, कुटून केलेल्या नमद्यासारखी घट्ट बसलेली. धुणाऱ्याच्या लेकीला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. इथे कोणीतरी रक्तावर कढत पाणी ओतलं होतं.

ती आईकडे बघत राहिली. आई खिडकीकडे.

"तू दोन वर्षांची होतीस," आई म्हणाली. "दादा सात वर्षांचा. हे बाहेर गेलेले, गालिचे पोचवायला. दादानं त्यांची गोंडे कापायची कात्री पळवली, आणि तिच्यावरच पाय दिला. तळवा चिरला बघ, इथून इथवर. मी त्याला कडेवर घेतलं, तू दुसरीकडे रडतेस, आणि गालिच्यावर हे एवढं रक्त. आणि सहा वाजता गिऱ्हाईक यायचं होतं. अंगणात बंब तापलेला, सुती सतरंज्यांसाठी. मी मागचापुढचा विचार न करता तांब्यामागून तांब्या ओतला. धुणाऱ्याची बायको मी. दहा वर्षं रोज ते गाणं ऐकत होते."

बाबा आल्यावर काय झालं, हे तिनं आवाज न चढवता सांगितलं. ते वाकले, दोन बोटांनी लोकर चाचपली. त्यांना कळलंच. आई वाट बघत राहिली की आता बोलतील, आता बोलतील. ते अंगणात गेले, ज्यावर बसून गोंडे शिवायचे ते स्टूल उचलून आणलं, डागावर ठेवलं, आणि म्हणाले, पाय ठेवायला काहीतरी हवंच होतं. तेवढंच. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते त्यावर पाय ठेवून बसले, पाय दुखत असोत की नसोत. आणि घरात ते रक्ताचं गाणं कधी म्हणाले नाहीत.

"ओरडले असते तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "एकदा रडून मोकळी झाले असते. त्यांनी पाय ठेवले आणि मला कायमची गप्प केली."

तिनं खाली बघून स्टुलाखालचा नवा ओघळ टिपायला घेतला. नवा डाग निघत होता. जुन्याला तिनं हात लावला नाही. तो निघणारा नव्हता. मग शेवटचं काम: पांढऱ्या टॉवेलाची चौघडी ओल्या जागेवर, तिच्यावर उपडी ताटली, ताटलीवर बाबांचा गुळगुळीत दगड. म्हणजे राहिलेलं पाणी लोकरीतून वर टॉवेलात येतं, आणि डाग तळातून पुन्हा डोकं काढत नाही. तासाभरानं हे सगळं उचलायचं, स्टूल जागेवर ठेवायचं, झालं.

दादा तीन वाजता आला.

दारात गाडीचा आवाज झाला तेव्हा आईनं एका दमात सांगितलं, "चहा सांडला म्हणायचं." आणि छोटीनं मान हलवली, कारण दुसरं काही सुचायला वेळच नव्हता.

दादा आत आला. उंबऱ्याशीच फळांची पिशवी ठेवली. छोटीला बघून त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्यानं एक लांब श्वास घेतला. ओली लोकर. त्याच वासात वाढला होता तो. नजर टॉवेलावर गेली, ताटलीवर, दगडावर. बाबांचीच मांडणी.

"कसला डाग?"

"चहा सांडला," आई म्हणाली. "माझ्याच हातून. कप निसटला."

दादानं बूट काढले, मोजे काढले, कारण या गालिच्यावर मोजे घालून यायची बाबांनी कधी परवानगी दिली नव्हती. तो खाली बसला, दगड बाजूला केला, ताटली उचलली, टॉवेलावर तळहात ठेवला. शेजारी छोटीची पाण्याची वाटी होती. त्यानं त्यात बोट बुडवलं आणि चोखलं. खारट.

"चहाला बाबा ऊन पाणी घ्यायचे," तो म्हणाला. "हे गार आहे. आणि मीठ."

छोटीला वाटलं, आपण हे काम थोडं वाईट केलं असतं तर निभावलो असतो. बाबांनी शिकवल्यासारखं केलं म्हणून पकडले गेलो.

"आई, डोकं दाखव."

डोक्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण तिची बदललेली भांगाची रेघ त्यानं आल्याआल्याच टिपली असणार. आईनं मान वाकवली. त्यानं केस बाजूला केले, टाके मोजले, आणि पुन्हा जसे होते तसे नीट बसवले. मग सगळं ऐकून घेतलं: डॉक्टर, रिक्षा, शिवणवाल्या बाई. शेवटी म्हणाला, "बॅग कुठे ठेवलीयेस?"

आई विनवण्या करणारी नव्हती. ती उठली आणि कपाटाकडे निघाली. छोटीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी दादाच बोलला.

"थांब. तू अशी वाकडी का चाललीस?"

आई थांबली. खुर्चीपासून कपाटापर्यंत सरळ जाता आलं असतं. वाटेत काहीच नव्हतं. पण तिचे पाय आपोआप भिंतीकडे वळून, काहीच नसलेल्या जागेला वळसा घालून गेले होते. दादानं त्या जागेकडे पाहिलं. भिंतीशी सरकवलेल्या स्टुलाकडे पाहिलं. मग उठून त्या जुन्या डागाशी गेला आणि आवळलेल्या लोकरीवर बोटं फिरवली. त्यालाही अर्थ सांगावा लागला नाही.

"हे कोणाचं?"

"तुझं," आई म्हणाली, पाठमोरीच.

बाकीचं छोटीनं सांगितलं, आईनं सांगितलं तसंच, पदरचं काही न घालता. ऐकता ऐकता दादानं उजवं पाऊल मांडीवर घेतलं. तळव्यावर टाचेपासून बोटांकडे गेलेली पांढरी रेघ होती. ही अंगणातली जखम, असंच तो सगळ्यांना सांगत आला होता. रेघेवर त्यानं अंगठा फिरवला. शेहेचाळीस वर्षांनी त्याला कळत होतं की ती इथली होती.

"पडलीस कशाला अडखळून?" त्यानं विचारलं. हा त्याच्या कामातला प्रश्न होता. कुठल्याही नुकसानीच्या अहवालात शेवटी हेच लिहावं लागतं.

"स्टुलाला."

"चक्कर?"

"नाही."

"यापूर्वी कधी अडखळली होतीस?"

आई वळली. "दरवर्षी एकदा तरी. पण मी ते हलवणार नव्हते. ते हललं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं."

छोटीनं मनात ठरवलं की त्यानं नेतो म्हटलं तर या वेळी आपण त्याच्याशी भांडायचं, आणि आई राहते म्हणाली तर तिच्याशीही थोडं भांडायचं. पण तिला भांडावं लागलं नाही. दादा उठला, स्टुलापाशी गेला, ते दोन्ही हातांनी उचललं.

"काही झालं तर न्यायला येईन म्हणालो होतो," तो म्हणाला. "हे नेतो."

आईचं तोंड आधी हसायला लागलं आणि मग भलतीकडेच गेलं. तिनं हातानं झाकलं.

"त्यांचं आहे ते," ती म्हणाली.

"माहितीये. म्हणून तर नेतो. माझ्याकडे त्यांचं काय आहे दुसरं?"

मग त्यानं अटी घातल्या, कारण तो दादा होता. दिव्याचं बटण खुर्चीजवळ येईल. घराची एक किल्ली शिवणवाल्या बाईंकडे राहील. सकाळी आठला तो फोन करील आणि तिसऱ्या घंटीच्या आत तो उचलला जाईल. दूध तापवताना ती तिथून हलणार नाही. आणि पुन्हा पडली तर या घरात चहा सांडणार नाही. जे सांडेल तेच सांगायचं. आई प्रत्येक अटीला हं म्हणत गेली, शेवटच्या अटीला मान खाली घालून. छोटीनं दर रविवारी यायचं आपणहून कबूल केलं. ती अट कोणी घातली नव्हती.

ते तिघं मग चहा प्यायले. ओल्या जागेवरचा टॉवेल छोटीनं उचलला. नवा डाग गेला होता. पण तिथली लोकर इतकी स्वच्छ झाली होती की आजूबाजूचा जुना, मळलेला गालिचा तिच्यापुढे करडा दिसत होता. दादानं ते पाहिलं आणि म्हणाला की आता सगळाच धुवायला हवा, उतरत्या ओट्यावर नेऊन; ओटा अजून आहे. छोटी म्हणाली, रविवारी. आई म्हणाली, जुना डाग तसाच राहील. तो निघायचा नाही, कितीही गार पाणी घाला.

"राहू दे," दादा म्हणाला. "माझा आहे."

निघताना त्यानं स्टूल गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं, माणूस बसवावा तसं, आणि पट्टाही लावला. छोटी फाटकापर्यंत गेली. परत आली तेव्हा आई खोलीत एकटीच उभी होती, खुर्चीच्या बाजूला. दिवा लावायची वेळ झाली होती. छोटी दारातच थांबली, हाक मारली नाही.

आई निघाली. पाय सवयीनं भिंतीकडे वळले. ती थांबली, पावलांकडे रागावून पाहिलं, मागे फिरली आणि पुन्हा खुर्चीपासून निघाली. या वेळी सरळ, हळूहळू, दोन्ही डागांच्या जागांवरून. मधे आल्यावर तिनं क्षणभर पाऊल त्या घट्ट लोकरीवर टेकवून ठेवलं. ओठ हलत होते. छोटीनं कान दिला.

आई रक्ताचं गाणं म्हणत होती. चाल चुकत होती, पण शब्द सगळे येत होते.